निर्यातबंदी म्हणजे अन्नसुरक्षा नव्हे

८ डिसेंबर २०२३ ला सकाळी सहाला मामाचा फोन आला. ट्रॉली रात्रीच भरून ठेवलेली, ताडपत्री टाकून, आणि पहाटे चार वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी दिल्लीचं नोटिफिकेशन टाकलं की आजपासून ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद. मामा म्हणाला, "आता काय करू, परत ओतू का वावरात?" मी पुण्यात बसून काय सांगणार. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बाजार समित्यांचे लिलाव निघालेच नाहीत, चांदवडला मुंबई-आग्रा हायवेवर रास्ता रोको झाला. पुढच्या दोन आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले.

शहरातल्या लोकांना इथली एक गोष्ट लक्षात येत नाही, त्यांचा दोष नाही म्हणा, कोण सांगणार. कांदा म्हणजे एकच कांदा नसतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तो कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळणाऱ्या साठवणीच्या शेडमध्ये, घातला की पाचेक महिने राहतो, सडतो थोडाफार पण राहतो, भाव पडले तर शेतकरी थांबू शकतो. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, साल पातळ, काढला की विकायचाच, तीन आठवडे ठेवला तर हाताला चिकटायला लागतो. म्हणजे सरकारने बंदी घातली ती नेमकी अशा वेळी की माल थांबवताच येणार नाही. ज्याने फाईलवर सही केली त्याला हे माहीत नव्हतं म्हणावं तर वाईट आणि माहीत असून केलं म्हणावं तर त्याहून वाईट.

पण हा लेख मामाच्या कांद्यावर रडायला लिहिलेला नाही, ते रडगाणं आपल्याकडे दरवर्षी होतंच. मला म्हणायचंय ते वेगळंच आहे. जगाच्या अन्नसुरक्षेबद्दल बोलायचं म्हटलं की लोक लगेच लोकसंख्या, क्लायमेट, जमीन कमी पडणार, २०५० मध्ये काय खाणार वगैरे सुरू करतात. ते सगळं खरंच आहे, पण गेल्या वीस वर्षांत जगात धान्याचे मोठे भडके उडाले तेव्हा तेव्हा धान्य संपलेलं नव्हतं. पीक थोडंफार कमी आलेलं, किंवा एखादं युद्ध, आणि त्यावर सगळ्यांनी एकदम आपापली दारं लावून घेतली. आगीपेक्षा चेंगराचेंगरीत माणसं जास्त मरतात, तसलाच प्रकार. आणि ही दारं लावण्यात आपला देश, सॉरी, बराच पुढे आहे.

२००८ चं बघा. ते सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे कारण त्या वर्षी जगात तांदळाचं पीक चांगलं, म्हणजे विक्रमी आलं होतं. आपण ऑक्टोबर २००७ मध्ये बिगर-बासमतीची निर्यात रोखली, मग व्हिएतनामने हात आखडता घेतला, मग फिलिपिन्स घाबरला आणि मिळेल त्या भावाला पाच-पाच लाख टनांची टेंडरं काढायला लागला, ते बघून बाकीचे घाबरले. जानेवारीत टनाला ४०० डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ मेपर्यंत हजारावर गेला. हैतीमध्ये दंगली झाल्या, पंतप्रधानाला घरी जावं लागलं. नंतर वर्ल्ड बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब केला तर तांदळाच्या त्या भाववाढीतला साधारण ४५ टक्के हिस्सा फक्त देशांनी आपापला बाजार वाचवायला केलेल्या उपायांमुळे होता. आणि भाव कशाने उतरले? जपानकडे डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, नियमामुळे विकत घ्यावा लागलेला परदेशी तांदूळ गोदामात पडून होता, जपानी लोक तो खात नाहीत. तो फिलिपिन्सला द्यायचा विचार चाललाय एवढी बातमी आली आणि भाव घसरायला लागले. तेव्हा एक दाणासुद्धा हलला नव्हता! नुसतं कुणीतरी दार उघडणार हे कळलं.

तांदळाचं असं व्हायचं कारण सोपं आहे. जगात जेवढा तांदूळ पिकतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो, बाकी जिथला तिथे खाल्ला जातो. आणि त्या दहाव्या हिश्शातला ४० टक्के एकट्या भारताचा. एवढ्या छोट्या डबक्यात एवढा मोठा मासा नुसता वळला तरी पाणी बाहेर सांडतं.

आता सेनेगलची गोष्ट, ही मला फार आवडते, म्हणजे आवडते असं कसं म्हणू, पण कधी विसरलो नाही. सेनेगलचं राष्ट्रीय म्हणावं असं जेवण म्हणजे चेबू जेन, मासे आणि भात एकाच भांड्यात. तो भात अख्ख्या तांदळाचा नसतो, कणीचा असतो. आपल्याकडे गिरणीत तांदूळ सडताना जी कणी पडते ना, जी आपण कोंबड्यांना टाकतो किंवा फार तर पेजेला वापरतो, ती. फ्रेंचांचं राज्य असताना इंडोचायनातून स्वस्तातली कणी तिकडे पाठवायचे, लोकांना तीच चव लागली, आता अख्खा तांदूळ दिला तर नको म्हणतात. आणि ती कणी बरीचशी आपल्याकडून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली. कारण काय दिलं, तर पोल्ट्रीच्या खाद्याला आणि इथेनॉलला कमी पडतेय. मला पोल्ट्रीवाल्यांचा राग नाही, पण डाकारमधल्या बाईच्या पातेल्यातला भात आणि आपल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल यांची स्पर्धा आपण लावली आणि त्यावर आपल्याकडे एक ओळीची चर्चा झाली नाही. पुढे सेनेगल, गाम्बिया असल्या देशांनी विनंत्या केल्या तेव्हा सरकार-ते-सरकार कोटा ठरवून थोडी थोडी सोडली. म्हणजे आधी बाजारातून मिळणारी गोष्ट मार्च २०२५ मध्ये बंदी उठेपर्यंत अर्ज करून मिळत होती.

२० जुलै २०२३ ला साधा पांढरा तांदूळही बंद झाला. अमेरिकेतल्या इंडियन स्टोअर्समध्ये पळापळ उडाली, न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावसबहिणीने फोटो पाठवला, 'एका कुटुंबाला एकच पोतं' अशी पाटी आणि खाली रिकामा कप्पा. तिला काय, तिने पास्ता खाल्ला. बेनिन, मालीतल्या माणसाने काय खायचं? आणि गंमत म्हणजे त्या वेळी आपल्या सरकारी गोदामांत तांदूळ ठरलेल्या बफर साठ्यापेक्षा बराच जास्त होता. वर ८१ कोटी लोकांना महिन्याला पाच किलो धान्य रेशनवर फुकट मिळतच होतं. म्हणजे ज्या गरिबाच्या नावाने बंदी घातली त्याच्या ताटातला मोठा हिस्सा आधीच सुरक्षित होता. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली आणि नंतर गोदामं एवढी भरली की त्यातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना द्यायचं ठरलं. हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

यावर कुणी म्हणेल की अरे बाबा, सरकारने आधी आपल्या लोकांचं बघायचं की सेनेगलचं? आधी पोटोबा मग विठोबा. बरोबर आहे. मी काही विश्वबंधुत्वाच्या गप्पा मारत नाहीये. मार्च २०२२ मध्ये १२२ वर्षांतला सगळ्यात तापलेला मार्च होता, गव्हाचा दाणा भरायच्या आधीच वाळला, त्या वेळी सरकार घाबरलं तर समजू शकतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, एल निनो डोक्यावर, पुढे निवडणुका. २००८ मध्ये बंदीमुळे आपल्याकडे तांदूळ तुलनेने स्वस्त राहिला हेही मान्य. पण 'आपल्या लोकांचं बघायचं' असेल तर आपण फक्त विकणारे आहोत असं समजून कसं चालेल? आपण घेणारेही आहोत की.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा. सूर्यफुलाचं तेल युक्रेनहून यायचं, ते युद्धामुळे आधीच अडकलेलं. त्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्याने प्लेटमधली दोन भजी कमी केली आणि विचारलं तर म्हणाला, "इंडोनेशियाला जाऊन विचारा." आपल्या वर्तमानपत्रांत इंडोनेशियाच्या नावाने केवढी बोंबाबोंब, स्वार्थी आहेत, जगाचा विचार नाही वगैरे. १३ मे २०२२ ला आपण गव्हाची निर्यात बंद केली. म्हणजे मधे फक्त पंधरा दिवस! आणि त्याच्या महिनाभर आधी आपले पंतप्रधान सांगत होते की डब्ल्यूटीओने परवानगी दिली तर भारत जगाला अन्न पुरवायला तयार आहे.

खताचंही तेच. चीनने २०२१ च्या ऑक्टोबरपासून युरिया, डीएपी बाहेर जाताना अडवायला सुरुवात केली, आणि पेरणीच्या तोंडावर खताच्या दुकानापुढे ज्या रांगा लागतात, लिंकिंगच्या नावाखाली नको ती बाटली गळ्यात मारतात, त्यामागचं एक कारण हे पण आहे. चीन म्हणतो आधी आमचा शेतकरी. आपण म्हणतो आधी आमचा ग्राहक. इंडोनेशिया म्हणतो आधी आमची कढई. प्रत्येकाचं आपापल्या घरात बरोबर आहे आणि सगळ्यांचं मिळून वाटोळं.

आपल्याला हे जास्त कळायला हवं, कारण आपण दाराच्या बाहेर उभे राहिलेले लोक आहोत. माझी आजी ७२ च्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरी सांगायची, लालसर, घशाखाली न उतरणारी अमेरिकन ज्वारी, आणि खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी. (तेव्हा लोक भुकेने मेले नाहीत ते मिलोपेक्षा त्या खडीच्या कामावरच्या मजुरीमुळे, असं माझं मत आहे. हातात पैसा असला की धान्य गावापर्यंत चालत येतं. पण तो वेगळा विषय.) त्याच्या आधी १९६५-६६ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडायचे, व्हिएतनामवर आपण काय बोलतो ते बघून. तो अपमान गिळून आपण हरितक्रांतीच्या मागे लागलो. १९७४ ला बांगलादेशात पूर आला, दुष्काळ पडला, आणि अमेरिकेने धान्याची मदत अडवली, का तर त्यांनी क्यूबाला तागाची पोती विकली होती. पोती! त्यात माणसं मेली, किती ते मोजणाऱ्यांचं अजून एकमत नाही.

म्हणून बांगलादेशला कांद्यासाठी आपण जे केलं ते मला जास्त लागतं. २९ सप्टेंबर २०१९ ला एका रविवारी अचानक बंदी. काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की कांदा का बंद केलात माहीत नाही, मी तर स्वयंपाक्याला सांगून टाकलं की आता जेवणात कांदा घालू नको. लोक हसले. पुढे म्हणाल्या की आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडून आणला असता. मला वाटतं अख्ख्या अन्नसुरक्षेच्या प्रश्नावर यापेक्षा व्यवहारी वाक्य कुणी बोललेलं नाही. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा २५० टका किलोपर्यंत गेला, विमानाने कांदा आणायची वेळ आली. २०२० च्या सप्टेंबरात आपण परत तेच केलं. २०२३ च्या डिसेंबरात परत. तीनदा तोंड पोळल्यावर कोण थांबेल? त्यांनी पाकिस्तान, इजिप्त, चीन, तुर्कस्तानकडून आणायला सुरुवात केली आणि स्वतःचं उत्पादन वाढवलं. आज लासलगावचा व्यापारी रडतो की बांगलादेश पहिल्यासारखा माल उचलत नाही. का उचलेल?

हे काही फक्त आपल्यापुरतं नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये रशियात उन्हाने आणि वणव्यांनी गहू गेला, त्यांनी निर्यात बंद केली, जगातला सगळ्यात मोठा गहू-खरेदीदार इजिप्त अडचणीत. इजिप्तच्या बोलीत भाकरीला 'ऐश' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणं. पुढच्या जानेवारीत कैरोच्या तहरीर चौकात क्रांती सुरू झाली, तिथल्या घोषणेत पहिला शब्द 'ऐश' होता. नुसत्या गव्हाने क्रांती झाली असं म्हणणं बावळटपणा ठरेल, पण नुसती फेसबुकने झाली असंही नाही.

बरं मग करायचं काय? मला सगळ्यात आधी साधी गोष्ट हवीय, नोटीस. किमान एक महिना आधी सांगा, आणि ज्यांचे करार झालेत, ज्यांचा माल बंदरावर किंवा बॉर्डरवर उभा आहे तो जाऊ द्या. आणि एकदम बंदी घालण्यापेक्षा पायऱ्या असू देत, म्हणजे देशातला भाव अमुक झाला की एवढी ड्युटी, तमुक झाला की एवढी, आणि उतरला की आपोआप कमी, आणि हे पेरणीच्या आधी छापून टाका. मग मामाही हिशोब करेल आणि ढाक्याचा आयातदारही. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के ड्युटी लावली ती रात्रीत लावली, मग टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, मग बंदी, मग मधेच गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची सूट, मग ४ मे २०२४ ला, म्हणजे नाशकातल्या मतदानाच्या सोळा दिवस आधी बंदी उठवली पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के ड्युटी ठेवून. याला धोरण म्हणत नाहीत, याला तारांबळ म्हणतात. दिंडोरीत लोकसभेला केंद्रीय मंत्री पडल्या तेव्हा दिल्लीतल्या लोकांना धक्का बसला, नाशकात कुणाला बसला नाही.

दुसरं म्हणजे साठा. आणि इथे मी काही शेतकरी संघटनांच्या विरोधात बोलतोय हे मला माहितीये. त्यांना सरकारने बाजारात उतरूच नये असं वाटतं, नाफेडच्या, म्हणजे सरकारसाठी माल उचलणाऱ्या सहकारी संस्थेच्या, खरेदीचे अनुभव बघता का वाटतं तेही कळतं. पण साठा असेल तरच सरकार दार उघडं ठेवायची हिंमत करतं, ज्याच्या घरात पोतं असतं तो शेजाऱ्यावर ओरडत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' म्हणून केंद्र आहे, कांद्याला कोंब येऊ नये म्हणून गॅमा किरणांचा डोस देतात, वीस वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला. किरणं दिल्यावर कांदा थंड गोदामात ठेवला तर जास्त टिकतो, आणि गोदामांची ती साखळी बांधायचं काम आपण या वीस वर्षांत किती केलं हे नाशिकला येऊन बघा. चाळीतल्या कांद्यातला तिसरा हिस्सा सडून किंवा वजनात जातो. तो वाचला तर ढाक्यालाही पुरेल आणि दादरलाही.

तिसरं जरा मोठ्या टेबलावरचं आहे. २०१३ मध्ये बालीला डब्ल्यूटीओच्या बैठकीपासून भारत भांडतोय की आम्हाला गरिबांसाठी हमीभावाने धान्य खरेदी करून साठवायची कायमची मुभा द्या. मागणी रास्त आहे. समोरचे विरोध करतात कारण त्यांना भीती, की हे लोक अनुदान देऊन साठवतील आणि एक दिवस तोच माल स्वस्तात जगात ओततील, किंवा दुसऱ्या दिवशी एकदम बंद करतील. दोन्ही आपण करून दाखवलंय! मग सौदा करा ना. तुम्ही आम्हाला साठ्याची मुभा द्या, आम्ही लिहून देतो की आगाऊ नोटिशीशिवाय बंदी घालणार नाही, आणि आयातीवरच पोट असलेल्या गरीब देशांचा ठरलेला कोटा कधीच थांबवणार नाही. डब्ल्यूटीओच्या शेती करारात कलम १२ आहेच, बंदी घालायच्या आधी कळवा आणि आयात करणाऱ्याच्या अन्नसुरक्षेचा विचार करा असं सांगणारं, पण त्याला दात नाहीत. आयातीवर बंधनं घातली तर जग तुम्हाला कोर्टात खेचतं, निर्यात रोखली तर फार तर नाराजी व्यक्त करतं. २०२२ च्या जूनमध्ये जिनिव्हाला एक छोटी गोष्ट झाली, जागतिक अन्न कार्यक्रमाने भुकेलेल्यांसाठी केलेली खरेदी कुणीही अडवायची नाही असं ठरलं. एवढंच. तिथून पुढे न्यायचं काम भारताइतकं कुणाला शोभणार नाही, कारण ४० टक्के तांदूळ आपला.

युद्धाचं मी मुद्दाम थोडक्यात उरकतोय. सुदान आणि गाझात जे झालं तिथे उपासमार हेच हत्यार होतं, तिथे निर्यातधोरणाने काही होत नाही. पण युक्रेनचं उदाहरण मात्र वेगळं. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला करार झाला आणि चालू युद्धात, पेरलेल्या सुरुंगांच्या मधून, वर्षभरात जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडलं. एकमेकांवर मिसाइल टाकणारे दोन देश जर गव्हाच्या जहाजांना वाट देऊ शकतात तर नाशिक आणि ढाक्याच्या मधे काय आडवं येतं?

आणि हवामान बिघडत चाललंय म्हणून तर दारं उघडी ठेवायला पाहिजेत. आज पंजाबात उष्णता, उद्या थायलंडमध्ये पाऊस नाही, परवा अर्जेंटिना. सगळीकडे एकाच वर्षी सहसा जात नाही. ज्याचं पिकलं त्याने ज्याचं गेलं त्याला विकायचं, ही सगळ्यात जुनी पीक विमा योजना आहे, आणि हिचा क्लेम वेळेत मिळतो.

परवा गावाला गेलो होतो. मामाने यंदा कांद्याचं क्षेत्र निम्मं केलंय, उरलेल्यात मका. व्यापारी खळ्यावर येऊन काटा करतो, पैसे लगेच, मका जातो इथेनॉलच्या कारखान्याला. आपला देश एकेकाळी मका बाहेर विकायचा, २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून आणायला लागला, हे मी मामाला सांगितलं. तो कणसं उन्हात पसरवत होता, थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, म्हणजे याची तरी बंदी होणार नाही ना?